वाह पेडल कुणाच्या कानाने निवडायचं?



मैफलीत आपण 'वाह' तोंडाने म्हणतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मुलं ती पायाने म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना एक यंत्र लागतं. त्याचं नाव वाह पेडल.

दिवाळी आणि तिच्या मागोमाग येणारा थँक्सगिव्हिंगचा सेल हा आपल्या इथल्या घरांमधला खरेदीचा हंगाम. ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा गिटारवाला किंवा गिटारवाली आहे, तिथे या दिवसांत एक संवाद हमखास होतो. "बाबा, मला वाह पेडल हवंय." "ते काय असतं?" "ते वा-वा असा आवाज करतं." "बरं, कुठलं चांगलं असतं बघतो." मग रात्री साडेअकराला, सगळी निजानीज झाल्यावर, बाबा फोनवर बघतात. साडेचार तारे, ढीगभर अभिप्राय, उद्या घरपोच. बटण दाबलं, विषय संपला.

माझं म्हणणं असं आहे की विषय तिथे संपता कामा नये. वाह पेडल ही ताऱ्यांवरून, किमतीवरून किंवा खोक्यावर छापलेल्या नावावरून निवडायची वस्तू नाही. वाजवणाऱ्याच्या कानाने आणि वाजवणाऱ्याच्याच पायाने ती निवडायला हवी. आणि ही निवड मुलांना करू देणं हे आपल्या पहिल्या पिढीला वाटतं त्यापेक्षा बरंच महत्त्वाचं आहे. मुलांनाही चार गोष्टी सुनवायच्या आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी हे यंत्र करतं काय, ते पाहू. एक प्रयोग करा. एकच सूर धरा आणि 'ऊ' म्हणता म्हणता तोंड हळूहळू उघडत 'आ'वर या. सूर तोच राहिला, पण आवाजाचा चेहरा बदलला. हेच जरा झटपट केलंत तर तोंडातून 'वा' बाहेर पडेल. गिटारच्या तारेतून येणाऱ्या आवाजातही मूळ सुराबरोबर वरचे अनेक सूर मिसळलेले असतात. वाह पेडल त्यातला एक अरुंद पट्टा उचलून धरतं आणि पाऊल हलेल तसा तो पट्टा खाली-वर सरकवतं. टाच दाबली की पट्टा खाली, साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास जातो आणि 'ऊ' ऐकू येतो. पंजा दाबला की तो २००० हर्ट्झच्या आसपास चढतो आणि आवाज 'आ'कडे उघडतो. बोलताना आपली जीभ आणि ओठ जवळपास हेच काम करत असतात.

मराठीत तर या दोन्ही गोष्टींना शब्दही एकच आहे: स्वर. 'सा' हाही स्वर आणि 'आ' हाही स्वर. गिटारवादकाची बोटं पहिला स्वर वाजवतात आणि पाय दुसरा. इंग्रजीत हे समजावून सांगायला दोन वेगळे शब्द आणि एक परिच्छेद लागतो. आपलं काम एका शब्दात होतं. म्हणून मला वाटतं, की वाह पेडल समजून घेण्यात मराठी माणूस मागे राहण्याचं काहीच कारण नाही.

या आवाजाचं मूळही गिटारमध्ये नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतले जॅझ ट्रंपेटवादक ट्रंपेटच्या तोंडाशी हात किंवा झाकण धरून त्याची उघडझाप करत आणि वाद्याला बोलकं करत. किंग ऑलिव्हर त्यासाठी प्रसिद्ध होता, आणि ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला बबर मायली तर चक्क तुंबलेलं सिंक मोकळं करायचं रबरी झाकण वापरायचा. जॅझच्या ट्रंपेटची ओळख आपल्या मागच्या पिढीच्या कानांनाही आहे. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांमागे गोव्याचा चिक चॉकलेट हा ट्रंपेटवादक होता. पुढे १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण इंजिनियर व्हॉक्सच्या अँप्लिफायरमधला एक महागडा स्विच स्वस्तात कसा बदलता येईल ते बघत होता. त्याने स्विचच्या जागी फिरवायचा पोटेन्शिओमीटर लावला. तो फिरवला की आवाज सरकत सरकत 'वा' म्हणायला लागला. मग ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात बसवलं गेलं आणि वाह पेडल जन्माला आलं.

१९६७ साली ते बाजारात आलं तेव्हा त्याच्यावर नाव कुणाचं होतं? क्लाइड मकॉय या ट्रंपेटवादकाचं. ट्रंपेटमधून 'वा-वा' काढण्यासाठी तो नावाजलेला होता. गिटारशी त्याचा संबंध नव्हता. हे लक्षात ठेवा. खोक्यावरचं नाव आणि खोक्यातला आवाज यांचं नातं पहिल्या दिवसापासून असं सैल आहे. आज हेंड्रिक्सच्या नावाचं पेडल मिळतं, मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटच्या नावाचं मिळतं. पेडल्स चांगली आहेत. पण नावामुळे हेंड्रिक्सचा पाय आपल्याला मिळत नाही.

आता एक अडचण, जी आपल्या घरांतच येते. वाद्याला पाय लागला की आपण नमस्कार करतो. तबल्याच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि इथे पोरगी वाद्यावर पाय ठेवून वाजवते आहे! भारतातून आलेल्या एका आजींनी मला हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मी त्यांना पायपेटीची आठवण करून दिली. संगीत नाटकांच्या काळात रंगमंचापुढे जो ऑर्गन वाजायचा, त्याला हवा पायानेच मिळायची. बालगंधर्वांचं गाणं ज्या सुरांच्या आधाराने फुललं, त्यामागे कुणाचे तरी पाय सतत चालत होते. तो पाय अपमानाचा नव्हता, कामाचा होता. वाह पेडलचं पहिलं खोकंही ऑर्गनच्याच पेडलचं, म्हणजे नातं तसं जवळचंच. आजींना ते पटलं, आणि त्यांनी सुचवलं की दसऱ्याला गिटारबरोबर पेडललाही हळदकुंकू वाहा. उत्तम सूचना आहे.

तर निवडायचं कसं? मी तानपुऱ्याचं उदाहरण देतो. आपल्यापैकी कुणी तानपुरा घ्यायला मिरजेला गेलं असेल, तर आठवून बघा. तिथे कुणी 'साडेचार तारे आहेत का?' असं विचारत नाही. तुम्ही बसता, तारा छेडता, जवारी ऐकता. कारागीर जवारी जराशी उघडतो, दोरा किंचित सरकवतो, आणि तोच तानपुरा वेगळं बोलू लागतो. 'हं, आता लागली' असं तुमचा कान म्हणतो तेव्हा व्यवहार होतो. जवारी म्हणजे तरी काय? एकाच सुरातले वरचे सूर किती आणि कसे उलगडतात त्याचाच तो खेळ. वाह पेडलचा प्रश्न याच कुळातला आहे. मग तानपुऱ्याला जो मान आपण देतो, तो या शंभर डॉलरच्या लोखंडी पावलाला का देऊ नये?

दुकानात जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: मुलाची स्वतःची गिटार, त्याचे मोजे आणि वेळ. मोजे म्हटल्यावर हसू नका. बहुतेक वाह पेडल्सचा चालू-बंद करायचा स्विच पंज्याखाली असतो आणि पंजा पुढे पूर्ण दाबल्यावर तो 'टक' करतो. दुकानात बूट घालून तो सहज लागतो. पण आपल्या घरात कुणी बूट घालून वाजवत नाही! बेसमेंटमध्ये मोज्यांवर किंवा अनवाणी तोच स्विच लावताना बोटं दुखतात आणि पाय घसरतो. मग मूल पेडल सतत चालूच ठेवतं, किंवा वापरणंच सोडून देतं. म्हणून दुकानात बूट काढा आणि घरी जसं वाजवणार तसं वाजवून बघा. दुकानदार बघत राहील, बघू दे.

मग क्रमाने या गोष्टी तपासा.

पहिली, स्वच्छ आवाज. अँपवरचं डिस्टॉर्शन बंद करून एकच सूर धरा आणि टाचेपासून पंज्यापर्यंत पेडल अगदी सावकाश हलवा. आवाज सगळ्या प्रवासात हळूहळू बदलतो, की बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटच्या बोटभर अंतरात सगळं एकदम घडतं? दोन्ही प्रकारची पेडल्स असतात आणि दोन्ही आवडणारे लोक असतात. शिकणाऱ्याने समान बदलणारं घ्यावं, असं माझं मत आहे. त्यात पायाला जागा सापडते.

दुसरी, दोन टोकं. टाच पूर्ण खाली असताना आवाज चिखलात रुतल्यासारखा होतो का? पंजा पूर्ण खाली असताना कानात सुई टोचल्यासारखी वाटते का? गिटार बदलली की याचं उत्तर बदलतं, म्हणूनच गिटार स्वतःची हवी.

तिसरी, पेडल बंद असतानाचा आवाज. गिटार एकदा सरळ अँपला जोडा, मग मध्ये वाह घालून पण बंद ठेवून वाजवा. काही वाह, विशेषतः जुन्या रचनेचे, बंद असतानाही आवाजातली चमक थोडी पितात. पेडल बहुतेक वेळ बंदच असणार, म्हणजे हा आवाज सगळ्यात जास्त ऐकायचा आहे.

चौथी, अर्धवट उघडं पेडल. मध्येच कुठेतरी थांबवून तिथेच सोडा आणि एक ओळ वाजवा. आवाज नाकातून आल्यासारखा होतो. जर्मनीच्या मायकेल शेंकरने याच आवाजावर आपली ओळख उभी केली. सोडल्यावर पेडल जागेवर थांबतं, की आपोआप खाली घसरतं? सैल असेल तर पावलाखालचा नट घट्ट करता येतो. पण तो घट्ट करायचा असतो हे माहीत हवं.

पाचवी, खरखर. पेडल हलवताना अँपमधून खरखर आली, तर आतला पोटेन्शिओमीटर मळला किंवा झिजला आहे. जुनं पेडल घेताना हे नक्की बघा. साफ करून किंवा तो भाग बदलून काम भागतं, पण मग किमतीतून तेवढे पैसे कमी करायला सांगा. घासाघीस करण्यात आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आता प्रकार. साधारण चार आहेत. पहिला पारंपरिक: डनलॉपचं क्राय बेबी किंवा व्हॉक्सचं व्ही८४७ यांसारखं. बटणं नाहीत, पर्याय नाहीत, फक्त पाऊल. नवीन घेतलं तर शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास, वापरलेलं घेतलं तर बरंच कमी. दुसरा, बदल करता येण्याजोगा: उदाहरणार्थ डनलॉपचं ५३५क्यू. यात पट्टा कुठे असावा आणि किती अरुंद असावा हे बटणांनी ठरवता येतं. तिसरा, प्रकाशावर चालणारा: मॉर्ले कंपनीची पेडल्स यासाठी ओळखली जातात. यात घासणारा पोटेन्शिओमीटर नसल्यामुळे तो झिजून खरखर होण्याचा प्रश्न येत नाही. यातल्या काहींना स्विचही नसतो. पाय ठेवला की चालू, उचलला की स्प्रिंगने वर येऊन बंद. मोज्यांवर वाजवणाऱ्यांना हे वरदानच आहे. पण मग पेडल अर्धवट उघडं सोडून देता येत नाही, पाय तिथेच धरून ठेवावा लागतो. चौथा, छोटा आकार: पिशवीत मावतो, लहान पावलाला बरा वाटतो, पण प्रवास तोकडा असतो आणि मोठा पाय ठेवला की सरकतो.

यातलं सर्वांत चांगलं कुठलं, असं विचाराल तर ते मी सांगणार नाही. पण पहिलं कुठलं, याबद्दल माझं ठाम मत आहे: पारंपरिक, साधं, शक्यतो वापरलेलं. बटणं असलेलं पेडल हातात आलं की मूल पहिला महिना बटणांशी खेळतं. आवाज आवडला नाही की बटण फिरवतं. साध्या पेडलला दोष द्यायला जागाच नसते. पायालाच शिकावं लागतं. हार्मोनियम शिकताना आपण आधी सगळे स्टॉप उघडून बसत नाही, तसंच हे.

"पण त्याच किमतीत शंभर आवाजांचं मल्टि-इफेक्ट मिळतं, त्यात वाहसुद्धा आहे," हा प्रश्न प्रत्येक हिशेबी बापाच्या ओठांवर असतो. प्रश्न रास्त आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला, रात्री हेडफोन लावून वाजवणाऱ्याला मल्टि-इफेक्ट खरंच सोयीचं आहे. तुमची तशी गरज असेल तर खुशाल घ्या. फक्त त्याला पावलाने हलवायचं पेडल आहे ना, ते बघा. पण 'शंभर गोष्टी एका किमतीत' या हिशेबाने संगीत शिकता येत नाही, असं मला वाटतं. आपण मुलांना एका वेळी तबला, कथक, बुद्धिबळ, स्पेलिंग बी आणि रोबोटिक्सला घालतो, आणि मग कशातच जीव रमत नाही अशी तक्रार करतो. शंभर आवाजांचं खोकं हे त्याच सवयीचं छोटं रूप आहे.

आणखी एक स्पष्ट सांगतो. वाह पेडल हे पहिलं पेडल नव्हे. ज्याला अजून उजव्या हाताची लय सांभाळता येत नाही, त्याच्या पायाला काम देऊ नका. आधी ट्यूनर, मग वर्षभर हात, मग पाय.

पुढचा भाग मुलांसाठी आहे. मराठी वाचायला जड जात असेल तर आई-बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावा. मराठी ऐकायला तर सगळ्यांनाच येतं.

मुलांनो, तुम्ही आम्हाला हसता की आम्ही तारे बघून वस्तू घेतो. तुम्ही काय बघता? अमक्याच्या पायाखाली कुठलं पेडल आहे ते. दोन्ही एकच. १९६८ साली जिमी हेंड्रिक्सने 'व्हूडू चाइल्ड' वाजवलं, तेव्हा वाह पेडल बाजारात येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्याला अनुकरण करायला फारसं कुणी नव्हतंच. त्याने पेडलला विचारलं, 'तू काय बोलतोस?' तुम्हीही तेच विचारा.

वाह घेतल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यांचा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा चालतो: प्रत्येक ठोक्याला खाली, वर, खाली, वर. हे वाजवणं नाही, टाके घालणं आहे. आयझॅक हेजचं १९७१ सालचं 'शाफ्ट'चं संगीत ऐका. तिथे स्किप पिट्सची गिटार खरोखरच ठोक्यागणिक चालते. तारा दाबून आवाज मारलेला असतो आणि वाह तालवाद्य होतं. पण ते मुद्दाम आणि नेमकं केलेलं आहे. मग हेंड्रिक्स ऐका: तिथे पाय वाक्याबरोबर जातो, ठोक्याबरोबर नाही. गाणारा जसा एका शब्दावर तोंड उघडतो आणि दुसऱ्यावर मिटतो, तसा. तुमच्यापैकी जे तबला शिकलेत त्यांना हे लवकर कळेल. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा काढताना तुम्ही प्रत्येक 'धा'ला सारखाच काढता का? नाही ना? जिथे बोल मागतो तिथेच काढता. पायाचंही तेच.

एक परीक्षा सांगतो. घरातल्या कुणालातरी, शक्यतो आजीला किंवा आजोबांना, पाठ करून बसवा. एकच सूर वाजवा, पेडल एका जागी थांबवा आणि विचारा, "आज्जी, कुठला स्वर ऐकू येतोय? ऊ, ओ, अ, की आ?" वेगवेगळ्या जागी थांबवून हे करा. ज्या पेडलवर आजीची उत्तरं तुमच्या पायाशी जुळतात, ते पेडल नीट बोलतं आहे आणि तुमचा पायही त्याच्या जागा ओळखू लागला आहे. ही तपासणी दुकानातही करता येते. आजीला बरोबर घेऊन जा. तिने आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकलेलं असतं. तिच्या कानाला कमी लेखू नका. तिला गिटारमधलं काही कळत नसेल, पण 'आ' मोकळा लागला की कोंडला, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

थोडं घरकाम. बॅटरीवर चालवत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची वायर काढून ठेवा. ती जोडलेली राहिली की पेडल बंद असूनही बॅटरी उतरत राहते. अडॅप्टर ९ व्होल्टचा आणि त्या पेडलसाठी सांगितलेल्या ध्रुवतेचाच वापरा. बहुतेकांना मधली पिन ऋण असलेला लागतो. सुट्टीत पेडल घेऊन पुण्याला जाणार असाल तर अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. इथला फक्त १२० व्होल्टवर चालणारा अडॅप्टर तिथल्या २३० व्होल्टला लावलात तर धूर निघेल आणि काकांची झोपमोड होईल. वाह साधारणपणे डिस्टॉर्शनच्या आधी जोडतात. नंतर जोडलात तर त्याचा फेर जास्त उग्र ऐकू येतो. दोन्ही करून बघा. फझ पेडल असेल तर मात्र आधी तपासा. काही फझच्या पुढे वाह ठेवला की तो गप्पच बसतो, आणि तुम्हाला वाटतं की पेडल बिघडलं.

आता परत मोठ्यांकडे. कुणी म्हणेल, शंभर डॉलरच्या वस्तूसाठी एवढा ऊहापोह कशाला? वस्तू शंभर डॉलरचीच आहे. पण निवड कुणाची, हा प्रश्न तेवढा स्वस्त नाही. आपण इथे आलो तेव्हा सगळं तोलूनमापून घेतलं: घर शाळेच्या रेटिंगवरून, गाडी मायलेजवरून, कॉलेज रँकिंगवरून. त्याने आपलं भलंच झालं, मी नाकारत नाही. पण कान तसा तयार होत नाही. 'मला हा आवाज आवडतो, तो नाही आवडत, आणि का ते मी सांगू शकते', असं म्हणायला मुलांनी शिकायचं असेल तर त्यांना निवडायला खऱ्या वस्तू द्याव्या लागतात, आणि निवडताना गप्प बसून ऐकावं लागतं. मुलीने तुमच्या मते चुकीचं पेडल निवडलं तरी घेऊ द्या. सहा महिन्यांनी तिला ते नको झालं तर ती ते विकेल आणि दुसरं घेईल. त्या देवाणघेवाणीत ती जे शिकेल ते कुठल्याही ताऱ्यांनी शिकवलं नसतं.

आपल्या मंडळांसाठीही एक विनंती. गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या कार्यक्रमात भजन, नाट्यगीत, लावणी यांना साउंड चेक मिळतो. गिटारवाल्या मुलांना 'पटकन प्लग लाव आणि सुरू कर' असं सांगितलं जातं. मग आवाज कर्कश येतो, पहिल्या रांगेतले काका कान झाकतात, आणि पोरं पुढच्या वर्षी येत नाहीत. वाह पेडल मोठ्या सभागृहात घरच्यापेक्षा फार टोचरं वाजू शकतं. पंज्याचं टोक तिथे आधी तपासावंच लागतं. पाच मिनिटं द्या त्यांना. चौदाव्या वर्षी मंचावरून उतरलेलं मूल परत मंचावर येणं अवघड असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा यंदा पाडव्याला किंवा भाऊबीजेला हा विषय घरात निघाला, तर फोन बाजूला ठेवा. कॉलेजातला दादा गिटारवाल्या ताईला ओवाळणीत वापरलेलं पेडल देणार असेल, तर त्यालाही सांगा की पैसे पाकिटात घाल आणि तिला दुकानात घेऊन जा. शनिवारी सकाळी गिटार गाडीत टाका, आजीला पुढच्या सीटवर बसवा. दुकानात तीन-चार पेडल्स ओळीने मांडायला सांगा. किंमत मुलीला दिसू नये म्हणून चिठ्ठ्या उलट्या करा. मग बूट काढून तिला वाजवू द्या, आणि ती विचारीपर्यंत मत देऊ नका.

सर्वांना दीपावलीच्या सुरेल शुभेच्छा!